पिट्सबर्गच्या रेडिओवरील स्टीलर्सचे समालोचन

पिट्सबर्गला राहायला आल्यावर पहिली तीन वर्षे मी अमेरिकन फुटबॉल दूरचित्रवाणीवर पाहत होतो आणि त्यातले मला काहीही कळत नव्हते. शिरस्त्राणे घातलेली बावीस धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उठून अंग झटकतात आणि मग गाडीची किंवा विम्याची जाहिरात लागते, एवढाच त्या खेळाचा माझ्यापुरता अर्थ होता. चौथ्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी वाणसामान घेऊन परतताना गाडीच्या रेडिओवर १०२.५ एफएम लागले. त्यावर चाललेले समालोचन ऐकत घरासमोर पोहोचलो आणि उतरायचे सोडून तसाच गाडीत बसून राहिलो. पाऊण तासाने पत्नी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा पिशवीतले दूध कोमट झाले होते आणि मला आयुष्यात प्रथमच 'थर्ड अँड लाँग' (तिसरा प्रयत्न, आणि अजून बरेच यार्ड बाकी) म्हणजे काय ते नीट समजले होते. त्यानंतर आजवर स्टीलर्सचे बहुतेक सामने मी रेडिओवरच ऐकले आहेत, आणि हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे.

प्रथम सेवेचे स्वरूप सांगतो. पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाचे सामने शहरात डब्ल्यूडीव्हीई या १०२.५ एफएमवरील केंद्रावरून आणि ९७० एएमवरून प्रसारित होतात. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया अशा राज्यांतील गावोगावची छोटी केंद्रे तेच समालोचन पुढे पोहोचवतात. गंमत अशी की डब्ल्यूडीव्हीई हे मुळात जुनी रॉक गाणी वाजवणारे केंद्र आहे. आठवडाभर जिथे गिटारींचा कल्लोळ ऐकू येतो, तिथेच रविवारी संघाचे समालोचक बसतात आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. ऐकण्यासाठी पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मोसम सप्टेंबरात, म्हणजे बहुधा आमच्या इथल्या गणपतीच्या आगेमागेच सुरू होतो, त्यामुळे आरतीच्या वेळी मागच्या रांगेत कुणाच्या तरी कानात एक तार खोचलेली हमखास दिसते.

हा खेळ रेडिओला इतका का मानवतो, याचे उत्तर क्रिकेट ऐकून वाढलेल्या माणसाला लवकर सापडते. सामना साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात चालतो तीन तासांहून अधिक, आणि त्यात चेंडू खरोखर खेळात असण्याचा वेळ एकत्र केला तर तो जेमतेम अकरा मिनिटांच्या आसपास भरतो. एक चाल संपल्यावर पुढची सुरू करायला संघाकडे सर्वसाधारणपणे ४० सेकंद असतात. दूरचित्रवाणी हा रिकामा वेळ संथगतीच्या पुनर्दर्शनाने आणि प्रेक्षकांतल्या रंगवलेल्या चेहऱ्यांनी भरून काढते, तर रेडिओवर हाच वेळ समालोचनाचा प्राण असतो, कारण आता काय घडले, कुणाचे चुकले आणि पुढे काय घडू शकते हे सगळे त्या ४० सेकंदांत सांगून व्हायचे असते. गोलंदाज आपल्या धावपट्टीच्या टोकाकडे परत चालत जातो, त्या वेळात आपले समालोचक क्षेत्ररचना सांगत असत, त्याचीच ही दुसरी आवृत्ती समजावी.

दुसरे कारण मैदानातच आखलेले आहे. इंग्लंडमध्ये २२ जानेवारी १९२७ रोजी हायबरी येथील आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या सामन्याचे समालोचन रेडिओवरून प्रथम झाले, तेव्हा श्रोत्यांना चेंडू कुठे आहे हे कळावे म्हणून बीबीसीने आपल्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापून त्याचे क्रमांकित चौकोन पाडले होते आणि एक सहायक मधूनमधून चौकोनाचा क्रमांक सांगत असे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाची ही अडचण खरीच आहे, कारण तिथे चेंडू सतत फिरतो आणि गवतावर खुणा फारशा नसतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो नकाशा जमिनीवरच काढलेला असतो. शंभर यार्डांचे मैदान, दर पाच यार्डांवर आडवी रेषा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचे बंधन, एवढे कळले की बाकीचे चित्र ऐकणारा आपले आपण रंगवतो. दर चालीआधी समालोचक चेंडूची जागा, कितवा प्रयत्न, किती यार्ड हवेत, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, किती मागे उभा आहे आणि कोणत्या बाजूला किती खेळाडू पसरले आहेत हे एका दमात सांगतो. संघ कोणत्या दिशेने चालला आहे हे सांगताना इथले समालोचक 'तुमच्या रेडिओच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे' अशी जुनी शब्दयोजना अजूनही करतात. ज्या पिढीने काटा फिरवून स्टेशन लावलेले नाही तिला हे वाक्य कसे समजते कोण जाणे, परंतु माझ्या ट्रान्झिस्टरला ती पट्टी आहे आणि मी तिच्याकडे पाहत ऐकतो.

पिट्सबर्गला याबाबत थोडा वडीलकीचा मान आहे. केडीकेए या इथल्या केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ८ ऑक्टोबर १९२१ रोजी, पिट्सबर्ग विद्यापीठ आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्यातला सामना याच केंद्रावरून ऐकवला गेला, आणि महाविद्यालयीन फुटबॉलचे ते पहिले थेट रेडिओ समालोचन मानले जाते. समालोचक हॅरल्ड आर्लिन हे वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंता होते. एका टचडाउनच्या, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याच्या, वेळी ते इतक्या मोठ्याने ओरडले की प्रक्षेपणच बंद पडले, असे सांगतात. व्यावसायिक स्टीलर्स त्यानंतर, १९३३ साली जन्माला आले. त्यांचे सुरुवातीचे नाव पायरेट्स होते आणि आताचे नाव १९४० पासूनचे.

मात्र या शहराचे आणि रेडिओचे नाते घट्ट होण्यामागे दूरचित्रवाणीचा एक विचित्र नियम आहे, आणि तो सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. तिकीटविक्रीवर परिणाम होऊ नये म्हणून १९७३ पर्यंत घरच्या मैदानावरील सामना त्या शहरात आणि त्याच्या आसपास दूरचित्रवाणीवर दाखवलाच जात नसे. सगळी तिकिटे संपलेली असली तरी नाही. त्यामुळे २३ डिसेंबर १९७२ रोजी ऑकलंड रेडर्सविरुद्धचा बाद फेरीतला सामना पिट्सबर्गमध्ये घडत असताना पिट्सबर्गकरांच्या पडद्यावर मात्र तो नव्हता. सामना संपायला २२ सेकंद उरले होते, स्टीलर्स ६-७ असे मागे होते, आणि चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. स्टीलर्सचे क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ यांनी फेकलेला चेंडू दोन खेळाडूंच्या धडकेतून उसळून मागे आला, त्यांचेच सहखेळाडू फ्रँको हॅरिस यांनी तो जमिनीला टेकण्याआधी बुटांपाशी उचलला आणि ते धावत सुटले. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध असा तो क्षण, ज्याला नंतर 'इमॅक्युलेट रिसेप्शन' हे नाव पडले, त्या शहरातील मैदानाबाहेरच्या माणसांनी जॅक फ्लेमिंग यांच्या आवाजातून ऐकला. त्या समालोचनाची ध्वनिफीत आजही दर डिसेंबरात इथे वाजते. आपण ती ऐकावी, आणि ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. चेंडू उसळल्यावर फ्लेमिंग यांनाही क्षणभर उलगडत नाही, आधी डाव फसल्याचा सूर लागतो आणि वाक्य पुरे होण्याआधीच तो सूर वर चढतो. चित्रफितीत हा संभ्रम इतका उघडा पडत नाही, कारण तिथे आपल्याला उत्तर आधीच माहीत असते. पुढच्याच वर्षी कायदा होऊन ७२ तास आधी तिकिटे संपली तर सामना स्थानिक पडद्यावर दाखवणे बंधनकारक झाले, आणि २०१५ पासून एनएफएल या व्यावसायिक संघांच्या लीगने तो निर्बंधच स्थगित केला. म्हणजे रेडिओची सक्ती आता उरलेली नाही, तरीही लोक ऐकतात.

त्याचे एक कारण मायरन कोप. १९७० पासून २००४ च्या मोसमापर्यंत, सलग ३५ वर्षे, ते स्टीलर्सच्या समालोचनकक्षात विश्लेषक म्हणून बसले. मी त्यांना थेट कधीच ऐकलेले नाही, कारण मी यायच्या आधीच, २००८ साली, ते वारले होते; परंतु जुन्या फिती ऐकल्यावर असा आवाज रेडिओवर आलाच कसा असा प्रश्न कुणालाही पडेल. आवाज नाकातला, किरटा, मधूनच किंचाळणारा, आणि उच्चार अस्सल पिट्सबर्गचे. ते मुळात लेखणीचे माणूस, राष्ट्रीय नियतकालिकांत लिहिणारे क्रीडालेखक, आणि जन्माने याच शहरातले. आकाशवाणीवर वृत्तनिवेदन चालू असताना मध्येच कुणी पेठेतला रंगेल माणूस येऊन 'काय सांगू तुम्हाला!' म्हणत बसावा, तशी ती गंमत आहे. आनंद अनावर झाला की ते 'योई' म्हणत, फारच झाला की 'डबल योई'. प्रतिस्पर्धी क्लीव्हलँड ब्राउन्सना ते ब्राउनीज म्हणत आणि सिनसिनाटी बेंगल्सना बंगल्स, म्हणजे कामाचा विचका करणारे. जेरोम बेटिस या चेंडू घेऊन धावणाऱ्या अवजड खेळाडूला 'द बस' हे नाव शहरभर त्यांनीच रुजवले. त्या काळी कित्येक घरांत पडद्याचा आवाज बंद करून रेडिओवर कोप लावायची पद्धतच पडून गेली होती, आणि आमच्या गल्लीतल्या दोन वयस्कर जोडप्यांच्या घरी ती माणसे बदलली तरी पद्धत अजून चालू आहे.

१९७५ च्या डिसेंबरात बाद फेरीसाठी प्रेक्षकांना काहीतरी चिन्ह द्यावे अशी त्यांच्या केंद्राच्या व्यवस्थापनाची कल्पना होती. कोप यांनी आधी नाक मुरडले आणि मग पिवळा टॉवेल सुचवला, कारण टॉवेल प्रत्येकाच्या घरी असतोच, विकत घ्यावा लागत नाही. त्यांनी रेडिओवरून सांगितले आणि २७ डिसेंबरच्या सामन्याला माणसे खरोखरच टॉवेल घेऊन आली. तोच आजचा 'टेरिबल टॉवेल'. १९९६ साली कोप यांनी त्याचे हक्क बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या अ‍ॅलेघेनी व्हॅली स्कूल या संस्थेला देऊन टाकले, जिथे त्यांचा स्वतःचा मुलगा राहत असे. एका स्थानिक केंद्राच्या समालोचकाने सांगावे आणि पन्नास वर्षे लोकांनी हात वर करून ते पाळावे, याला दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

माझ्या ऐकण्यातले समालोचक म्हणजे बिल हिलग्रोव्ह आणि त्यांचे सहकारी टंच इल्किन. हिलग्रोव्ह यांनी १९९४ पासून २०२३ च्या मोसमापर्यंत, म्हणजे ३० मोसम, मुख्य समालोचन केले. त्यांचा आवाज जाड, संथ आणि आश्वासक होता. संघ वीस गुणांनी मागे असला तरी तो आवाज ऐकून घरातले कुणी जेवायचे थांबत नसे. परंतु मला खेळ शिकवला तो इल्किन यांनी. इस्तंबूलमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, स्टीलर्सच्या आक्रमक फळीत कडेच्या जागी तेरा मोसम खेळला आणि मग रेडिओवर आला. पडद्यावरचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. इल्किन यांचे लक्ष मात्र चेंडूपाशी नसायचेच. क्वार्टरबॅकला वाचवणारे ते पाच अवजड खेळाडू पहिल्या दोन सेकंदांत पाय कसे टाकतात, हात आत ठेवतात की बाहेर, कुणाचा खांदा वळला आणि त्यामुळे तिकडे फट कशी पडली, याविषयी ते बोलत. एकदा हे ऐकण्याची सवय लागली की क्वार्टरबॅक आडवा का झाला याचे उत्तर आपण समालोचकाच्या आधी देऊ लागतो. परदेशातून आलेल्या मला त्यांच्या आडनावामुळेही आपलेपणा वाटत असे, हे मान्य करतो. २०२० साली त्यांना एएलएस हा असाध्य आजार असल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये, मोसम सुरू होण्याच्या तोंडावर, ते गेले. त्यांच्या जागी त्यांचेच जुने सहखेळाडू आणि जिवलग मित्र क्रेग वुल्फली बसले, जे तोवर मैदानाच्या कडेवरून बोलत असत. तेही फळीतलेच खेळाडू असल्याने तो वर्ग तसाच पुढे चालू राहिला. मार्च २०२५ मध्ये वुल्फलीही वारले.

२०२४ पासून मुख्य समालोचन रॉब किंग करतात. त्यांची कारकीर्द स्थानिक क्रीडा दूरचित्रवाणीवर घडली आहे आणि ते जाणवते: वाक्ये आखूड आहेत, वेग अधिक आहे. हिलग्रोव्ह यांच्या सायंकाळच्या गप्पांसारख्या लयीची सवय झालेल्या कानांना पहिला महिना जड गेला. माझे मत विचाराल तर, धावपळीच्या चालीत चेंडू नेमका कुठे आहे हे आता अधिक लवकर कळते, आणि रेडिओकडून पहिली अपेक्षा तीच असते.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव पक्षपाताची, आणि ती लपवलेली नाही. स्थानिक समालोचन संघाच्या बाजूनेच असते, हा या देशातला सर्वमान्य रिवाज आहे. आपल्या संघाचा टचडाउन झाला की घसा बसेपर्यंत आरोळी, आणि विरुद्ध संघाने तोच केला की तेराव्याचे निमंत्रण सांगावे तशा आवाजात दोन शब्द. पंचांचा निर्णय विरुद्ध गेला की तो चुकीचाच. मला याचा त्रास होत नाही, कारण निष्पक्ष समालोचन हवे असेल त्याला राष्ट्रीय वाहिन्या आहेत. परंतु प्रतिस्पर्ध्यांचे खेळाडू नावानिशी ओळखून घ्यायचे असतील तर या समालोचनाचा उपयोग कमी आहे. दुसरी उणीव जाहिरातींची, आणि ती एका केंद्राची नसून एकूण अमेरिकन सामना-प्रसारणाची आहे. अपघाताचे खटले लढवणारे वकील, खिडक्या बदलून देणारे, घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करणारे आणि जुन्या गाड्या विकणारे इतक्या निष्ठेने हजर असतात की माझ्या धाकट्या मुलीला इंग्रजी बडबडगीतांच्या आधी एका वकिलाचा फोन नंबर चालीसकट पाठ झाला होता. त्यातही खेळातल्या प्रत्येक घटनेला कुणीतरी प्रायोजक चिकटलेला असतो, तेव्हा ऐन मोक्याच्या क्षणी समालोचकाच्या तोंडी पिझ्झाचे नाव येते आणि ऐकणाऱ्याची तंद्री मोडते.

तिसरी उणीव मोठी आहे आणि तिला समालोचक किंवा केंद्र जबाबदार नाही. हवेतून येणारे हे समालोचन फुकट आहे, पण इंटरनेटवर पाऊल टाकताच त्याला कुंपण लागते. प्रसारणाचे हक्क लीगने वेगवेगळे विकलेले असल्यामुळे गावाबाहेर गेलेल्या माणसाला घरच्या केंद्राचा आवाज ऐकायचा तर वर्गणीची सेवा घ्यावी लागते. २०२२ पासून लीगची स्वतःचीच तशी सेवा आहे आणि तीत सर्व सामन्यांचे थेट ध्वनिप्रसारण मिळते. नियम व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण पिट्सबर्गच्या बाबतीत तो बोचतो. १९८० च्या दशकात इथल्या पोलाद गिरण्या बंद पडल्या, हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी टेक्सास, फ्लॉरिडा, कॅरोलायनाकडे गेली आणि जाताना संघाचे वेड बरोबर घेऊन गेली. गिरण्यांचा संप आणि त्यानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घरचा आवाज ऐकायची गरज सर्वांत जास्त या माणसांना आहे, आणि त्यांनाच तो काटा फिरवून मिळत नाही. शिवाय ॲपवरचे प्रसारण पडद्याच्याही मागे राहते. मी एकदा प्रवासात एका ॲपवर सामना ऐकत होतो आणि शेवटच्या मिनिटाला ॲपने 'तुम्ही क्षेत्राबाहेर आहात' असे सांगून दार लावून घेतले, तेव्हा मी शहराच्या विमानतळावरच उभा होतो.

म्हणून माझा सल्ला साधा आहे: खराखुरा रेडिओ घ्यावा. मी पंधरा डॉलरांना जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला, वर मूठ असलेला हातभर ट्रान्झिस्टर वापरतो, ज्यात चार मोठे सेल बसतात आणि अँटेना एका बाजूला वाकलेली आहे. हे शहर टेकड्यांचे आणि पुलांचे आहे, त्यामुळे एफएम घरात खिडकीपाशी चांगले लागते आणि दोन खोल्या आत गेले की खरखरते. एएम डोंगराआड बऱ्यापैकी पोहोचते, पण विजेच्या तारांखाली आणि पुलाखाली दबते, आणि अंधार पडल्यावर दूरदूरची केंद्रे त्यात मिसळू लागतात. आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, खिडकीला टेकून ठेवल्यास एफएम स्वच्छ येते, म्हणून रेडिओची जागा तीच ठरली आहे.

या जागेमुळे एक अडचण उभी राहते, जिला मी आता गुण मानतो. हवेतून येणारा आवाज केबलवरून येणाऱ्या चित्राच्या पुढे धावतो. आमच्या घरी मोजले तेव्हा हा फरक आठ सेकंदांच्या आसपास भरला. चित्र थांबवून आवाजाशी जुळवून घेणारे लोक आहेत, आणि त्यांना तो हिशेब चांगला जमतो. आमच्याकडे २०१७ साली सांगलीहून बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हापासून आम्ही तो नाद सोडला. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत ज्यांनी तरुणपण काढले त्यांपैकी बाबा एक. इंग्रजी त्यांना वाचता येते, पण अमेरिकन बोलणे कानावरून जाते. तरीही दोन रविवारी ओट्यापाशी खुर्ची टाकून, मटार सोलत, ते ऐकत बसले आणि तिसऱ्या रविवारी मला म्हणाले, "हा दुसरा माणूस कोण रे? मोठ्याने बोलतच नाही कधी."

"पूर्वीचा खेळाडू आहे बाबा. इल्किन. तुर्कस्तानात जन्मलेला."

"तरीच. खेळलेला दिसतो. पहिला सांगतो काय झालं, हा सांगतो का झालं. पंडितांच्या वेळी दोन्ही कामं एकालाच करावी लागायची."

त्यानंतर मी बैठकीत पडद्यासमोर आणि बाबा आत रेडिओसमोर अशी वाटणी झाली. खेळाची एकही संज्ञा ठाऊक नसताना, निव्वळ आवाजाच्या चढउतारावरून, ते आतून "गेला!" किंवा "बसला!" असे म्हणत आणि मग आठ सेकंदांनी माझ्या पडद्यावर चेंडू हातातून सुटत असे किंवा खेळाडू रेषेपार जात असे. मोसमभरात ते तीन-चारदाच चुकले. समालोचनाची याहून कडक परीक्षा माझ्या पाहण्यात नाही, आणि हिलग्रोव्ह आणि इल्किन या जोडीने ती दिली हे त्यांना कधी कळलेही नसेल.

बाबा आता सांगलीत असतात. दुपारी एकचा सामना त्यांच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो आणि नोव्हेंबरात इथली घड्याळे मागे गेली की साडेअकराला. लीगची वर्गणी त्यांच्यासाठी घ्यावी असा विचार मी मांडून पाहिला होता, पण फोनवर काहीही 'उघडून' ऐकायला त्यांची तयारी नाही. तेव्हा सामना रंगात असेल तर शेवटच्या क्वार्टरला मी त्यांना फोन लावतो, ओट्यावरच्या रेडिओला टेकवून ठेवतो आणि बैठकीत जाऊन बसतो.